धवल्यांची मालकीण

सुकापूर, ३ मार्च

आत्या,

वाकायला तुझे पाय समोर नाहीत, म्हणून कागदालाच नमस्कार करते. सोळा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. शेवटी कल्पेशच्या फोनवर लावला, तर मागून तुझा आवाज आला, "तिला सांग, मी बोलनार नाय. तोंड उघडला का ती रेकॉर्ड करते." आणि फोन बंद. बरं बाई. कागद काही रेकॉर्ड करत नाही, तेव्हा हे वाच. डोळे दुखत असतील तर कल्पेशकडून वाचून घे, पण तुझ्या त्या लेकाला सांग, मधली वाक्यं गाळायची नाहीत.

जगनकाकांच्या मुलीच्या हळदीत जे झालं ते मी केलेलं नाही. मी त्या वेळी पनवेलच्या बाजारात मसाल्याच्या बरण्या निवडत होते, विचार त्या दुकानदाराला. ते यंत्रानं केलं. गेल्या पावसाळ्यात तुझ्या ओटीवर बसून मी लग्नात म्हणायचे तुझे चौदा धवले रेकॉर्ड केले होते ना, ते गाणी विकणाऱ्या एका कंपनीकडून मी इंटरनेटवर सगळीकडे चढवले. ती कंपनी गाण्याचा ठसा घेऊन ठेवते. पुढे कुणाच्याही व्हिडिओत तसाच आवाज सापडला की यंत्र म्हणतं, हे चोरीचं, ह्याचा मालक दुसरा आहे. त्या दिवशी मांडवात तू हळदीचा धवला उचललास, बाळू फोटोवाल्यानं त्याचं लाइव्ह लावलं होतं, आणि यंत्राला वाटलं, बाळूनं कुठूनतरी चोरलेलं गाणं वाजवलंय. त्यानं लाइव्ह बंद केलं. काकांचा थोरला जावई दुबईत पडद्यासमोर बसलेला, त्याला वधूच्या ऐवजी पाटी दिसली, 'हे गाणं निशा यांच्या मालकीचं आहे.'

इथपर्यंत यंत्राचं काम. पण ती पाटी माईकवरून भर मांडवात वाचून दाखवायला बाळूला कोणत्या यंत्रानं सांगितलं होतं?

तू हातातले तांदूळ तसेच खाली ठेवलेस आणि उठून गेलीस, हे मला मैनाकाकूनं सांगितलं. चाळीस वर्षं तू लोकांची लग्नं लावतेस, अर्ध्यावर कधी उठली नव्हतीस, हेही सांगितलं. ती तुझ्या मागं धवला धरणारी बाई, तिला राग येणारच. मलाही वाईट वाटलं. पण म्हणून माझ्याशी बोलणंच टाकायचं?

तुला वाटतं, मी घरात बसून पैसे छापते. आत्या, तुझ्या गावातली गोदामातली नोकरी सोडून मी चॅनेल काढलं, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. एक लाख ऐंशी हजार लोक मला बघतात, आणि जाहिरातींचे पैसे एका महिन्यात फ्लॅटचा हप्ता भरतील इतके, तर पुढच्या महिन्यात मोबाइलचं रिचार्ज होईल इतके. पनवेलच्या एका क्लासमध्ये सांगितलं की एका वाटेवर विसंबू नका, कमाईच्या सात वाटा ठेवा. ठेवल्या. एका कंपनीनं कुकर पाठवला आणि म्हणाले, ह्यात काहीतरी समुद्रातलं करून दाखवा. मी चिंबोऱ्या केल्या. खाली शेकडो लोकांनी लिहिलं, आगऱ्याची पोर असून चिंबोरीला शिट्ट्या देते! कुकरवाल्यांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. महिन्याला एकोणसाठ रुपये भरून मेंबर व्हा म्हटलं, तर बारा झाले, त्यातले तीन आपल्याच घरातले, आणि बाबांना अजून कळलेलं नाही की पैसे कापले जातात. मसाला विकायला काढला तर परवाना, बरण्या, लेबल, कुरिअर, आणि एक बरणी फुटून गेली की तिचा फोटो काढून तीनशे जण शिव्या देतात. रील करायला शिकवायचा क्लास घेतला, दोघी चांगल्या शिकल्या आणि दोघींनी माझ्यासारखंच चॅनेल काढलं. आता त्या कुकर विकतात. साड्यांच्या लिंका टाकल्या, तर चार महिन्यांत कमिशन आलं एकशे दहा रुपये.

राहिली सातवी वाट, गाण्यांची. ती एकच चालली. त्यात माझा काय गुन्हा?

सोबत दोन पानं आहेत. कंपनी म्हणते, मूळ गायिकेची लेखी संमती आली की धवले तुझ्या नावावर करता येतील. पैसे अर्धे तुला, अर्धे मला. तिसऱ्या रेघेवर सही कर. आणि आधार कार्ड हातात धरून वीस सेकंदांचा व्हिडिओ लागेल, 'मी दमयंती, हा आवाज माझा आहे' एवढंच. कल्पेश काढेल. माझ्यासमोर नको तर नको.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
निशा


सुकापूर, १८ मार्च

आत्या,

पानं परत आली, कोरी. वर कल्पेशचा निरोप, "आय बोलते, घेताना इचारलं नाय, आता सोडवताना कशाला इचारते?" चोख उत्तर आहे. पण त्यानं अडकलेलं सुटत नाही ना!

शिमग्याला तुझ्याकडून पोळ्या आल्या नाहीत. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. बाबा दिवसभर दाराकडे बघत होते आणि संध्याकाळी म्हणाले, "माजी भैन तुज्यामुलं गेली." मी म्हटलं, तुमची बहीण जासईला आहे, गेली नाही. तर ते जेवलेच नाहीत. दोघं भाऊबहीण एका मातीचे.

मी हात जोडून बसलेय असं समजू नकोस. कंपनीच्या 'मदत' विभागात मी नऊ दिवस चकरा मारतेय. तिथंही यंत्रच आहे. ते विचारतं, "नमस्कार निशा! आज मी तुम्हाला कशी मदत करू?" मी लिहिलं, आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत बायका धवले म्हणतात, ते उचलणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, ती भटजीच्या बरोबरीनं लग्न लावते, तिनं प्रत्यक्ष म्हटलेलं गाणं तुम्ही चोरीचं म्हणून अडवताय. यंत्र म्हणालं, "अभिनंदन! तुमच्या गाण्याचं संरक्षण व्यवस्थित सुरू आहे. तुमची शंका दूर झाली का?" मी 'नाही' दाबलं. परत नमस्कार निशा.

बाळूनं कालपर्यंत अकरा वेळा फोन केला. त्याचे त्रेचाळीस लग्नांचे व्हिडिओ अडकलेत, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे माझ्याकडे वळलेत. तो मला म्हणाला, "ताई, शूटिंग मी केली, मांडव त्यांचा, गाना आत्याबायचा, नि पैसा तुमाला? ह्या कुटला न्याय?" मी म्हटलं, मी काही बंदूक घेऊन नव्हते गेले. मग त्यानं जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलं. तो लोकांना सांगतोय की धवलारीण बोलवू नका, तिच्या आवाजानं व्हिडिओ अडकतो, त्यापेक्षा वाजवायला बेंजोवाले बोलवा. आणि लोक ऐकतायत!

कल्पेश म्हणाला, एप्रिलची तुझी अकरा लग्नं होती, त्यातली सात गेली. कुणी तोंडावर सांगत नाही. कुणी म्हणतं, आमचा कार्यक्रम छोटाच आहे, कुणी म्हणतं, पोरांना बेंजोच हवाय. काही घरांत तर म्हणतात, दमयंतीनं धवले भाचीला विकले. ज्या बाईचं एप्रिलमध्ये पाऊल घरात ठरत नसे, ती आता ओटीवर बसून तांदूळ निवडते. आणि मैनाकाकू म्हणाली, तू निवडताना गुणगुणतसुद्धा नाहीस.

हे ऐकून मला झोप लागत नाही असं लिहिणार होते, पण लागते. दिवसभर इतकी दमते की पडल्या पडल्या लागते. पण जागी असते तेव्हा सारखा तोच विचार असतो, आणि त्या विचाराचा मला राग येतो. मी तुझं वाईट करायला नव्हते गेले. तुझा आवाज तुझ्यामागं राहावा असं मला वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

एक सही कर, आत्या. तुझ्या नावावर झालं की मी बाळूच्या, सगळ्यांच्या व्हिडिओंना तुझ्या नावानं परवानगी देते आणि लग्नं परत येतील. पानं पुन्हा पाठवतेय. ह्या वेळी पेन्सिलीनं खूण केलीय.

निशा


सुकापूर, ९ एप्रिल

आत्या,

काल जासईला आले तेव्हा तू बोललीस, मग ते भांडण का असेना. फोन मी गाडीतच ठेवून आले होते, तरी तू आधी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलंस. पोलीससुद्धा इतकं बघत नाहीत.

तू जे म्हणालीस ते मी घरी आल्यावर आठवून आठवून लिहून ठेवलंय. रेकॉर्ड नाही, लिहिलंय. तू कल्पेशला फॉर्म वाचायला लावलास. 'मालकाचे नाव' असा शब्द आला तिथं त्याला थांबवलंस. "मालक कोन? मी? मी कशी मालक? माज्या सासूनं मला दिले, तिला तिच्या आयनं. आमी नुसत्या पोचवनाऱ्या. उद्या मैनाची सून शिकली तर ती बी म्हनंल. मालक म्हून सही केली तर मी बी तुज्यासारकीच झाली." मी म्हटलं, आत्या, ह्या चौकटीत एक नाव लिहावंच लागतं, रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे जात नाही. तू म्हणालीस, "मग नको जाऊ दे."

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे खाडीच्या चिखलात चप्पल घालून चालणं. चप्पल राहते आत, माणूस येतं बाहेर.

पण मग तू ते विचारलंस. "मालक जाऊ दे. गायिका म्हून तुजं नाव कसं?" आणि मी म्हटलं की पॅन कार्ड लागतं, तुझ्या आधारवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही, म्हणून तात्पुरतं माझं टाकलं. तू मान हलवलीस आणि चहा टाकायला आत गेलीस. तुला पटलं असं मला वाटलं. रस्त्यात कंटेनरच्या रांगेत पाऊण तास अडकले तेव्हा कळलं की तुला पटलं नव्हतं, तू फक्त मला आणखी खोटं बोलण्यापासून वाचवलंस.

तर ऐक. तुझी सगळी कागदपत्रं माझ्याकडे होती. दिवाळीत तुझा बँकेचा फॉर्म मीच भरला होता, नावं जुळतात. गायिकेच्या जागी मी आधी तुझंच नाव लिहिलं. यंत्रानं दाखवलं, ह्या नावाची गायिका नाही, नवीन बनवायची का, ऐकणारे शून्य. माझ्या नावावर एक लाख ऐंशी हजार होते. क्लासमध्ये सांगितलं होतं की सगळ्या वाटा एकाच नावाकडे वळल्या पाहिजेत. मी तुझं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. पुढे तीन प्रश्न होते, आवाज तुमचाच आहे का, रेकॉर्डिंगवर फक्त तुमचाच हक्क आहे का, दुसऱ्या कुणाचा दावा येऊ शकतो का. मी हो, हो, नाही असं दाबत गेले. मध्ये दूध उतू गेलं म्हणून उठले आणि परत येऊन उरलेलं दाबलं. एवढा विचार केला मी.

लिहिताना लाज वाटतेय आणि राग पण येतोय. तुझा नाही. म्हणजे थोडा तुझाही, कारण तू ओरडली असतीस तर मी उलट ओरडले असते आणि आज हे लिहावं लागलं नसतं.

एक सांगायचं राहिलं. नेऱ्याच्या वेणूचं लग्न आहे दोन मेला, आदल्या दिवशी हळद. तिच्या आजीनं हट्ट धरलाय, धवलारीण दमयंतीच पाहिजे, नाहीतर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. ते तुझ्याकडे आलेच असतील. पण ते माझ्याकडेही आले. वेणूचा बाप म्हणतो, "तुमी बी या, मालकीनबाई. लायू बंद पडला तर तुमी समोर पायजे, तिथल्या तिथं सोडवा." म्हणजे भटजी, धवलारीण आणि तिच्या शेजारी खुर्चीत मालकीणबाई! मला बोलावणं आलंय ते असं. मी हो म्हटलंय. मला बघून उठू नकोस.

सही अजूनही करू शकतेस. विचार कर.

निशा


सुकापूर, ४ मे

आत्या,

नेऱ्याच्या मांडवात तू होतीसच, मग तुला काय सांगायचं? पण तू पुढ्यातल्या तांदळाच्या चौकाकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

मला खरंच खुर्ची दिली होती, पांढरा कपडा घातलेली. बायका येता जाता म्हणत होत्या, "ही मालकीन हाय धवल्यांची," आणि एकीनं तर माझ्या पाया पडायला मुलाला ढकललं. बाळू कॅमेरा घेऊन समोर, माझ्याकडे बघायचं टाळत. तू आलीस, हिरवं लुगडं, तांदळाचा चौक भरलास, एकदाही वर बघितलं नाहीस. मग मैनाकाकूनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. घसा बसलेला. एक ओळ म्हणते आणि दुसरी पुढची ओळ धरते, तेव्हा धवला पुढे जातो, हे मला तरी लहानपणापासून माहीत आहे. हळद वाटून तयार, वेणू पाटावर, आणि तुझ्यामागं धरायला कुणी नाही. तुझ्या वयाच्या दोघी होत्या, त्यांची चाल वेगळी.

तेव्हा तू वर बघितलंस. "हिला बसवा माज्या बाजूला. मशिनीत गायिका हीच हाय."

सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. मी खुर्चीवरून उठून चौकाजवळ बसले, मांडी घालताना ड्रेस पायात अडकला. तू पहिली ओळ म्हटलीस आणि थांबलीस.

आत्या, तो धवला चार मिनिटं बारा सेकंदांचा आहे. दुसऱ्या मिनिटाला तू खोकतेस, तो खोकला मी कापला. तिसऱ्याच्या सुरुवातीला घरात पातेलं पडतं, ते मी पुसलं. आठ दिवस कानात घालून मी तुझा श्वास न् श्वास साफ केला. त्याच्या आवाजाची रेघ पडद्यावर कशी उठते आणि कशी बसते हे मी आजही काढून दाखवीन. पण पुढची ओळ काय आहे, ते मला आलं नाही. मी कधी ऐकलीच नव्हती ती. मी फक्त आवाज बरोबर आहे का ते बघत होते.

वेणूच्या हातावरची हळद सुकायला लागली होती. तिची आजी म्हणाली, "अगो, म्हन ना! तुजाच ना गाना?" मला वाटलं, आता तू मला तिथंच सगळ्यांसमोर झोडपशील आणि माझी सुटका होईल. तू झोडपलं नाहीस. तू ती ओळ सावकाश म्हटलीस, लहान मुलाला घास भरवतात तशी, एकेक शब्द मोकळा करून, आणि थांबलीस. मी धरली. मग पुढची. माझा आवाज फाटला, तू तुझा खाली आणलास म्हणजे माझा बसेल. अशी तू अख्खी हळद लावलीस, आणि शेवटी नारळ-लुगडं घेऊन टेम्पोत बसलीस, माझ्याशी एक अक्षर न बोलता. लाइव्ह मात्र एकदाही बंद पडलं नाही. माझ्या बेसूर आवाजामुळे यंत्राला तो धवला ओळखता आला नसणार.

आता ऐक. पहिल्या पत्रापासून मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. तुझी सही लागतच नव्हती. कंपनीच्या पानावर अगदी खाली एक बटण आहे, 'रेकॉर्डिंग मागे घ्या.' त्याला कुणाची संमती लागत नाही, व्हिडिओ लागत नाही. ते दाबलं की चौदाही धवले निघतात, सगळे दावे आपोआप मरतात, अडकलेले व्हिडिओ सुटतात. फक्त ते परत चढवता येत नाहीत आणि यायचे पैसे बुडतात. ते बटण मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. जगनकाकांकडून तू उठून गेलीस त्या संध्याकाळीसुद्धा दिसत होतं. मी तुझ्याकडे सही मागत राहिले ती तुझी लग्नं परत यावीत म्हणून नाही, तर तुझ्या नावावर का होईना, पण धवले चालू राहावेत आणि अर्धे मला येत राहावेत म्हणून. सात वाटांमधली एकच वाट चालली होती आणि तिच्यावर मी तुला आडवं घातलं. तुझी सात लग्नं गेली तीही ह्याच बटणापायी. ह्याची माफी कशी मागायची ते मला माहीत नाही.

काल दाबलं. बाळूला फोन करून सांगितलं, त्याचे व्हिडिओ सुटलेत. पुढच्या लग्नांना दमयंतीबाईंचं नाव तूच सुचव, नाहीतर तुझ्या दारात येऊन बसेन, असंही सांगितलं. तो म्हणाला, "सांगतो ना ताई, चिडता कशाला?" गोदामातल्या साहेबांशी बोलले, सोमवारपासून सकाळच्या पाळीला घेतायत. हप्ता त्यातून जाईल. चॅनेल संध्याकाळी.

बटण दाबल्यावर यंत्रानं कारण विचारलं. चार कारणं आधीच लिहिलेली होती, चुकून चढवलं, नवीन रेकॉर्डिंग येणार आहे, कायदेशीर वाद, इतर. पहिल्या तिन्हींत मी बसत नव्हते. 'इतर' दाबलं तर एक छोटी चौकट उघडली, तीत कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येईना. मग मी जे खरं होतं ते लिहिलं, 'गायिकेला हे गाणं येत नाही.'

यंत्रानं कारण लगेच मान्य केलं.

निशा